सवाष्णीच्या पाटावर टोळधाड

आमच्या घरात टीव्हीवर खेळायचा गेम आधी आला आणि टीव्ही दोन वर्षांनी मागून आला.

झालं असं, की आमच्या मंडळींचा भाऊ मस्कतला क्रेन चालवायला होता. पहिल्या सुट्टीवर येताना बहिणीला साडी आणि मला घड्याळ आणायचं सोडून त्यानं एक काळी पेटी आणली. पेटीला दोन वायरी, वायरींच्या टोकाला दोन दांडकी, आणि सोबत साबणाच्या वडीएवढ्या पाच काळ्या वड्या. एक वडी म्हणजे एक गेम. पेटीत वडी खुपसायची, पेटी टीव्हीला जोडायची आणि खेळायचं. घरात टीव्ही नाही, हे आम्ही त्याला चहा झाल्यावर सांगितलं. (पाहुण्याला आल्या आल्या वाईट बातमी देऊ नये.) मग दोन वर्षं ती पेटी कपाटावर विणलेल्या रुमालाखाली बसून राहिली. दसऱ्याला विळा, खुरपं, कुदळ मांडायचो त्या रांगेत तिलाही हळदकुंकू वाहायचो. हत्यार कशाचं ते ठाऊक नव्हतं, पण त्याला राग यायला नको.

शेवटी टीव्ही आला आणि त्याच महिन्यात मेव्हण्याचा निरोप आला. "दाजी, ती कंपनी बुडाली. वरीस दीड वरीसच चालली. आता नवं गेम निघायचं न्हाईत. हाय ते जपा." म्हणजे आम्ही खेळायला बसलो तेव्हा बाकीच्या जगाचा खेळ उरकला होता. मी मंडळींना म्हणालो, "पाचातच भागवाय लागतंय बघ."

ती म्हणाली, "पांडव पाचच हुतं. तेवढ्यात महाभारत झालं की."

मंडळींचं नाव हौसाबाई. ती जिती असताना मी कधी तिचं नाव घेतलं नाही. आता घेतलं तर ती काही म्हणायला येत नाही, म्हणून घेतो.

मी चौथीत शाळा सोडलेला, फौजेच्या लंगरात रोट्या लाटून पेन्शनीत निघालेला माणूस. इंग्रजी मला 'यस सर' एवढंच येतं. त्या वड्यांवर काय छापलं होतं ते आमच्या घरात कुणी वाचलं नाही. हौसानं पडद्यावर काय दिसतंय ते बघून नावं ठेवली. विटा फोडायच्या ती 'वीटभट्टी'. बोळाबोळातनं पळायचं ते 'उंदीर'. मोटारी धावायच्या ती 'बिनबैलाची शर्यत'. चौथ्या वडीत एक चौकोन उभा राहायचा, दुसरा चौकोन त्याच्यासमोर येऊन उभा राहायचा, बराच वेळ काही व्हायचं नाही आणि मग आपण हरायचो. तिचं नाव 'सरकारी काम'.

पाचवी वडी म्हणजे 'टोळधाड'. वरून रांगेनं काहीतरी उतरतं आणि आपण खालून त्याला मारायचं. दोघांनी एकाच वेळी खेळायचं, अर्धा पडदा तुझा, अर्धा माझा. ज्याच्या बुडाशी आधी पोचलं तो मेला. मेव्हणा म्हणाला होता, ती दुसऱ्या ग्रहावरची विमानं आहेत.

"इमानं आसत्यात व्हय अशी?" हौसा म्हणाली. "टोळ हायती. पीक खायाला आल्यात."

हौसा लहानपणी जोंधळ्यात माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं राखायची. तो हात तिचा शेवटपर्यंत गेला नाही. संपत, म्हणजे आमचा पोरगा, कारखान्यावर नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, तरी घरात तिला टोळधाडीत हरवणारं कुणी निघालं नाही. मी तर दांडक्याला हातच लावला नाही. बायकोकडून हरायला मला दांडकं कधी लागलं नव्हतं.

मग विहीणबाई आल्या.

संपतची बायको सुरेखा, तिची ही आई. वडूजच्या अंगाची, कोरडवाहू मुलखातली बाई. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला आमच्याकडं कडेगावला आल्या आणि टीव्हीवर टोळ बघून म्हणाल्या, "ह्ये कुनाच्या रानात पडल्यात?" त्यांचं बालपणही माळ्यावर गेलेलं. दोघी फराळाचं ताट मध्ये ठेवून बसल्या, त्या लाडू संपले तेव्हा उठल्या. तिथून पुढं विहीणबाई लेकीला भेटायला म्हणून यायच्या आणि लेकीकडं पाठ करून टीव्हीसमोर बसायच्या. आमचे व्याही सोबत यायचे आणि झोपायचे.

विहीणबाईंचा एक रिवाज असा, की व्याह्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्याच्याशी थेट बोलायचं नाही. मला काही सांगायचं असलं तर त्या आमच्या मांजराला सांगतात. "मने, तुझं मालक च्या घेत्यात का इचार गं." मीही मांजरालाच सांगतो, घेतो म्हणून. इतकी वर्षं आमचं असं चाललंय, आणि मांजर तिसरं आहे.

दोघींचा शेवटचा डाव झाला गेल्या सालच्या आदल्या साली, माघात. दोघींचे टोळ बुडाशी टेकायला आले होते आणि लाईट गेली. विहीणबाई म्हणाल्या, मी पुढं हुती. हौसा म्हणाली, पडदा काळा झाल्याव कोन कुठं हुतं ते काळ्या कुत्र्याला तरी कळतंय का? विहीणबाई फणकाऱ्यानं एसटीत बसल्या. पुढचा डाव पाडव्याला, असं ठरलं.

पाडव्याच्या आधीच हौसा आजारी पडली. दवाखान्यात नाकात नळी घातली होती. तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं. मी कान लावला. मला वाटलं आता सांगेल, पोरांना सांभाळा, तब्येतीला जपा. लोकांच्या बायका सांगतात. ती म्हणाली, "त्या वडूजवालीला सांगा. मी हरली न्हाई. लाईट गेली."

त्यानंतर ती बोलली नाही. मी वाट बघितली. (अजून बघतो, पण ते सोडा.)

वर्षश्राद्ध झालं आणि यंदा पितृपंधरवड्यात तिची पहिली अविधवा नवमी आली. नवरा जिता असताना जी बाई जाते तिची ही तिथ. म्हणजे ती पुढं गेली ही तिची हुशारी, मी मागं राहिलो हा माझा गाढवपणा, आणि मान तिचा. त्या दिवशी तिच्या नावानं एक सवाष्ण पाटावर बसवायची. ती सवाष्ण म्हणजे आपलीच माणूस आली असं धरायचं. तिला आवडीचं जेवू घालायचं, ओटी भरायची. ती तृप्त होऊन उठली की आपली तृप्त झाली.

सुरेखा म्हणाली, "अण्णा, आईला सवाष्ण म्हणून माझी आईच बसवूया. दोघींचं लय गूळपीठ हुतं."

गूळ होता. पिठात दोघींनी एकमेकींच्या नावानं खडे टाकले होते, ते लेकीला ठाऊक नव्हतं. तरी मी हो म्हणालो, कारण मला ते शेवटचं बोलणं पोचवायचं होतं. मंडळींनी सांगितलेलं काम दीड वर्ष अंगावर होतं. मांजरामार्फत सांगायचं धाडस होत नव्हतं.

"आवडीचं काय काय करायचं?" सुरेखानं विचारलं. "शेंगोळ्या, खीर, अळूवडी. आणि इरकली लुगडं."

"आनि टोळधाड," मी म्हणालो.

"अण्णा, श्राद्धाला गेम?"

मी गुरुजींनाच विचारलं. ते विचार करून म्हणाले, जे आवडत होतं ते द्यावं, शास्त्रात गेमला मनाई कुठं दिसत नाही. (शास्त्र लिहिलं तवा लाईट नव्हती, हे मी मनात म्हणालो.)

आता सवाष्णीला द्यायची वस्तू म्हणजे ती लखलखीत पाहिजे. मी आदल्या दिवशी वड्यांचा डबा काढला. बघतो तर प्रत्येक वडीच्या तोंडाशी तांब्याची बारीक कंगव्यासारखी पट्टी, आणि ती पार काळी पडलेली. तांबं कसं उजळायचं हे मला कुणी शिकवायला नको. लंगरात डेगी घासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मी चिंच भिजवली, मीठ घेतलं आणि पाचही वड्या चोळून चोळून घासल्या. दांडकीही कळकटली होती, तीही घासली. मग गार पाण्यातनं काढून सगळी वरात पत्र्यावर उन्हाला मांडली.

संपत कारखान्यावरनं आला आणि पत्र्याकडं बघून उभाच राहिला.

"अण्णा, काय केलंसा ह्ये?"

"उजळलं."

"इलेक्ट्रॉनिक वस्तू हाय ती. तांब्या न्हाई."

"मग तांब्यागत काळी पडती कशाला?"

त्यानं कपाळावर हात मारला आणि जुना टीव्ही काढायला गेला, कारण भिंतीवरच्या नव्या चपट्या टीव्हीत त्या वायरीला शिरायला भोकच नव्हतं. जुना टीव्ही भुशाच्या खोलीत होता. त्याच्यावर कोंबडी अंड्यावर बसली होती. कोंबडीला हलवायचं म्हणजे संपतला बोट फोडून घ्यावं लागलं, तेवढं त्यानं आईसाठी केलं.

नवमीला सकाळी एकेक वडी लावून बघितली. वीटभट्टी लावली तर नुसत्या पट्ट्या दिसल्या. उंदीर आवाज करत होता, पण दिसत नव्हता. शर्यतीत मोटारी उभ्याच्या उभ्या. सरकारी काम मात्र पहिल्यासारखंच चालू होतं, म्हणजे बिघडलं असलं तरी कळायला मार्ग नव्हता. जगात नव्या वड्या निघत नाहीत, आणि होत्या त्या मी चिंचेत घालून मारल्या. संपतनं पाचवी लावली. पडदा काळा. मी टीव्हीच्या कानफटात एक लगावली. (फौजेत सगळ्या यंत्रांना हे पहिलं औषध.) आणि वरून रांगेनं टोळ उतरायला लागले. सुरेखा स्वयंपाकघरातनं पळीसकट पळत आली. त्या गेमचं पीं पीं दीड वर्षानं घरात वाजलं, त्याबरोबर आम्ही तिघंही एकमेकांकडं न बघता उभी राहिलो.

दुपारी विहीणबाई आल्या. पाटावर बसल्या, रांगोळी पडली, जेवण वाढलं. शेंगोळ्या दोनदा घेतल्या. व्याही जेवून भिंतीला टेकून झोपले. सुरेखानं ओटी भरली, लुगडं ठेवलं, विडा पुढं केला. विडा घेतला की सवाष्ण तृप्त झाली. विहीणबाईंनी हात पुढं केला नाही.

"मने," त्या मांजराला म्हणाल्या, "तुझ्या मालकाला सांग, पोट भरलंय. जीव भरला न्हाई. त्यो डाव ऱ्हायलाय."

मी मांजराला म्हणालो, "सांग गं त्यास्नी, आमच्या मंडळींचा निरोप हाय. ती हरली न्हाई. लाईट गेली."

"व्हय तर," विहीणबाई मांजराला म्हणाल्या. "मरताना बी हेका सोडला न्हाई. मांडा म्हनावं डाव."

पण डाव कुणी मांडायचा? सुरेखा म्हणाली, आईबरोबर मी खेळायची नाही, दोन्हीकडनं शिव्या खाईन. संपत म्हणाला, मी पंच. राहिलो मी. आणि तिथंच खरी गोम होती, ती संपतनं माझ्या कानात सांगितली. "अण्णा, त्या पाटाव बसल्यात म्हंजे त्या आई झाल्या. मग त्यांच्याइरुद्ध खेळनारा कोन?"

"मी."

"तुमी न्हाई. तुमी वडूजवाली. तुमाला हराय लागतंय. तुमी जिंकलासा तर आई हरली."

लंगरात कढी आणि खीर एकाच डेगीत करायचा हुकूम आला असता तर एवढा घोळ झाला नसता. पण हरायचंच आहे ना, मग हरकत नाही, मी म्हटलं. मला आयुष्यात न शिकताच येते अशी तेवढी एकच गोष्ट.

विहीणबाईंना वास लागला होता. "मने, पाटाव बसलेल्या बाईम्होरं कुनी खोटं खेळलं तर घास वर पोचत न्हाई म्हनावं."

डाव सुरू झाला. मी दांडकं धरलं आणि बटण दाबायचं नाही असं ठरवून बसलो. पण बटण आदल्या दिवशी चिंचेच्या पाण्यात न्हालेलं. ते आत चिकटून बसलं होतं. माझ्या बाजूनं गोळ्यांचा पाऊस सुरू झाला. टोळ पटापट पडायला लागले. मी दांडकं डावीकडं नेलं तर डावीकडचे पडले, उजवीकडं नेलं तर उजवीकडचे. मी घाबरून दांडकं खाली ठेवलं, तरी पडतच होते.

"मने, तुझं मालक हात न लावता मारत्यात. ही कंच्या फौजेतली इद्या?"

"अण्णा, हरा की," संपत दातांतून म्हणाला.

"हरायलोय की रं. जमंना झालंय."

आणि मग काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. माझी बाजू साफ होत आली, विहीणबाईंच्या बाजूला टोळ खाली उतरले, आणि मला मजा वाटायला लागली. मी दांडकं उचललं. मी पुढं सरकलो. विहीणबाईही पाटासकट पुढं सरकल्या आणि त्यांचं कोपर माझ्या कोपरावर आलं. हौसा अगदी अशीच करायची, भाकरी खाताना, टीव्ही बघताना, झोपेत.

"आगं ए," मी ओरडलो, "सरक की तिकडं! कवा बघावं तवा माझ्या वाटंत कोपार घालतीस."

सुरेखाच्या हातातनं विड्याचं तबक पडलं. इतक्या वर्षांत भूकंपानंही जागे न झालेले आमचे व्याही डोळे उघडून सरळ बसले. विहिणीला 'आगं' आणि 'सरक'. असल्या बोलण्यावरनं पंचायतीत सोयरिकी मोडल्याचं मी ऐकून आहे. टीव्हीतले टोळसुद्धा मला थांबल्यासारखे वाटले.

विहीणबाईंचा पदर खांद्यावर आला होता. तो त्यांनी वर घेतला नाही. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा पडद्याकडं बघत, मांजराला सोडून थेट आपल्या व्याह्याला, म्हणजे मला, म्हणाल्या, "इवाय, आज मी तिच्या पाटाव बसलीया. म्हना काय म्हनायचं ते. पर उद्या म्हनलासा तर माझी बी गोफन हाय."

व्याही पुन्हा टेकले.

मी गप बसायला पाहिजे होतं. पण दीड वर्षाचं तुंबलेलं होतं. "लाईट गेली म्हनं," मी पडद्याकडं बघत म्हणालो. "डाव अर्धा टाकून जायाला तुला लाज न्हाई वाटली?"

"मी काय इचारून गेली व्हय?" त्या बटण दाबत म्हणाल्या.

"आन् जाताना शबुद काय, तर टोळ. माझ्याबद्दल एक अक्षर न्हाई."

"तुमच्याबद्दल काय सांगायचं हुतं? टोळाचा भरवसा न्हाई, आज हाय उद्या न्हाई. तुमी कुठं जाताय? हितंच हुतासा की जल्मभर. ज्याची काळजी ती बोलून दाखवावी. ज्याची न्हाई, त्याचं काय बोलायचं?"

मला पडदा दिसेना. डोळ्यात चिंच गेली असावी. (चिंच आदल्या दिवशीची होती, पण चिंचेचं सांगता येत नाही.) दांडकं कधी हातातनं सुटलं ते कळलं नाही. जमिनीवर आपटलं तसं त्याचं अडकलेलं बटणही सुटलं, गोळ्या थांबल्या, आणि माझ्या अर्ध्या पडद्यावर टोळ उतरले ते बुडापर्यंत. सगळं रान खाल्लं. विहीणबाईंच्या बाजूला एक हिरवा ठिपका शिल्लक होता.

"जिंकली मी," विहीणबाई म्हणाल्या.

"मामी, तुमी आईच्या पाटाव हाईसा," संपत म्हणाला. "म्हंजे आई जिंकली."

"आन् मग मी?"

"तुमीबी जिंकलासा," मी घाईनं म्हणालो. पंचानं मान हलवली. एका डावात दोन बायका जिंकल्या, त्यातली एक तर हजरही नव्हती. हरायला दोघींच्या वाटचा मी एकटा पुरलो.

विहीणबाईंनी पदर डोक्यावर घेतला, खाली पडलेला विडा उचलून तोंडात टाकला आणि उठल्या.

निघताना मी दारापर्यंत पोचवायला गेलो. त्या तोंड दारात आलेल्या भाड्याच्या जीपकडं करून उभ्या राहिल्या, पण बोलल्या मलाच. "एक सांगते इवाय. ही नवमी नवरा जिता हाय तवरच आसती. तुमी गेलासा की तिचं ताट बंद, माझं जेवान बंद, आन् डाव बी बंद. दीड वरीस झालं, सुरेखा सांगती, डाक्टरानं दिलेल्या गोळ्या खिडकीतनं टाकताय म्हनून. टाकू नका. मग मी कुनाला हरवू?"

तवापासून मी रोज सकाळी गोळी घेतो, पाण्याबरोबर, तोंड वाकडं न करता. सुरेखाला नवल वाटतं. परवा म्हणाली, "अण्णा, येवढं शहाणं कसं झालासा?"

मी म्हटलं, "म्होरल्या नवमीला हरायचंय. त्याला तब्येत लागती."